विटांच्या भिंतीवर गिझर टांगताना अँकर फास्टनर कसा बसवावा

२५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो भरतं, वर टाकीचं वजन वेगळं. त्यामुळे प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर तो टांगू नका, अँकर फास्टनरच वापरा, म्हणजे नट आवळला की भिंतीत फुलून पकड घेणारा बोल्ट.

आधी भिंत ओळखा. ड्रिल करताना बिटावरून पांढरी, मऊ भुकटी सहज निघाली तर भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची असू शकते. तिथे फुलणारा फास्टनर ब्लॉक चिरडून सैल होतो. आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावा किंवा केमिकल अँकर (छिद्रात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) घ्या. लाल भुकटी म्हणजे वीट. छिद्र विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात नको.

१० मि.मी.च्या रॉल बोल्टला (हाच फुलणारा फास्टनर) साधारण १६ मि.मी.चं छिद्र लागतं, तरी पाकिटावरचा आकडा बघा. छिद्राची खोली मोजताना प्लास्टर आणि टाइल्स धरू नका, पकड विटेतच हवी. टाइलवर ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, विटेत शिरल्यावर सुरू करा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते छिद्र साफ करण्याकडे. आत भुकटी राहिली की स्लीव्ह (बोल्टभोवतीची फुलणारी नळी) घसरते, नट नुसताच फिरत राहतो. म्हणून फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका.

फास्टनर हलके ठोकून बसवा, वॉशर लावून नट पान्याने आवळा. हाताला घट्टपणा लागला की थांबा. अजून ओढलं तर वीट तडकते. तडकलीच, तर तेच छिद्र वाढवू नका, पुढच्या विटेत नवं पाडा.