गुन्हा का घडतो? थिअऱ्यांची तुलना कशी करायची ते बघू

"अमुक आणि तमुक सिद्धांतांची तुलना करा" असा प्रश्न आला की बरेच जण काय करतात, आधी एक थिअरी लिहितात, मग दुसरी, खाली दोन ओळी साम्य-फरक आणि झालं. ही तुलना नाही हो, दोन टिपणं शेजारी शेजारी ठेवली इतकंच.

सगळ्यात आधी बघायचं की ही थिअरी नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतेय. "लोक गुन्हा का करतात" हा एकच प्रश्न वाटतो पण त्याच्या पोटात निदान चार आहेत. एका समाजात गुन्हे जास्त, दुसऱ्यात कमी, असं का? एकाच शहरात ठराविक भागांतच जास्त का? एकाच गल्लीतला एक पोरगा चोरी करतो आणि शेजारचा करत नाही, का? आणि मुळात कशाला गुन्हा म्हणायचं हे ठरवलं कोणी?

पहिल्या प्रश्नावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन, 1938 चा लेख. पैसा आणि यश हे स्वप्न सगळ्यांना दाखवायचं पण तिथवर जायचा सरळ रस्ता मोजक्यांनाच मोकळा, त्यातून येतो तो ताण. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, मर्टनने या ताणाला पाच प्रतिसाद सांगितलेत आणि त्यातला ध्येय तेच ठेवून आडमार्ग धरणारा प्रकारच चोरी-फसवणुकीला नीट लागू पडतो, त्यामुळे "गरिबी म्हणून गुन्हा" असं लिहिलंत तर ते मर्टनचं म्हणणं नाही. अनॉमी (समाजातल्या नियमांची चौकट बिघडणं) हा शब्द त्याने फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्कहाइमकडून घेतला खरा, पण द्युर्कहाइमच्या लेखी नियमच ढिले पडतात आणि हावेला लगाम राहत नाही, मर्टनच्या लेखी ध्येय आणि मार्ग यांच्यात फट पडते.

दुसरा प्रश्न शॉ आणि मॅके या शिकागोच्या दोन अभ्यासकांचा. शिकागोतल्या बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले तर दिसलं की काही भागांत राहणारे स्थलांतरित समूह बदलत गेले तरी तिथलं गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं, म्हणजे दोष त्या समूहात नाही, भागाच्या विस्कटलेल्या घडीत आहे. पण हे भागाबद्दल आहे बरं का, त्यावरून तिथल्या एका पोराबद्दल काही ठरवू नका.

खरी मारामारी तिसऱ्या प्रश्नावर आहे, सदरलँड विरुद्ध हर्शी (दोघेही अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ), आणि तुलनेला जोडी निवडायची मोकळीक असेल तर मी हीच घेईन. सदरलँड म्हणतो गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांकडून, नुसती युक्ती नाही तर "यात काय एवढं" ही सबबसुद्धा. हर्शी 1969 मध्ये प्रश्नच उलटा करतो, मोह सगळ्यांनाच होतो, मग बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? त्याचं उत्तर बंध: माणसांचा लळा, गमवायला काहीतरी असणं, कामात गुंतलेलं असणं, नियम योग्य वाटणं. आता एक साधं निरीक्षण घ्या, गुन्हे करणाऱ्या पोरांचे मित्रही बऱ्याचदा तसलेच असतात. सदरलँड म्हणेल मित्रांनी बिघडवलं, हर्शी म्हणेल बंध आधीच तुटले होते, मित्र नंतर सापडले. म्हणजे आधी काय घडलं हे बघायला तीच मुलं काही वर्षं पाहावी लागतात, आणि तुलनेत लिहायचं ते हे, कुठल्या पुराव्याने कोण खोटं पडेल. हर्शीचं तर म्हणणं होतं की बिघडलेल्या मित्रांचा लळासुद्धा गुन्हा कमीच करतो, आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हा मुद्दा काही टिकला नाही.

चौथा प्रश्न लेबलिंगवाल्यांचा, म्हणजे समाज "गुन्हेगार" असा शिक्का कसा मारतो ते बघणाऱ्यांचा, समाजशास्त्रज्ञ बेकर वगैरे. शिक्का कोण मारतं आणि शिक्का बसल्यावर माणसाचं पुढे काय होतं हे ते सांगतात. पहिली चोरी का झाली हे सांगत नाहीत म्हणून त्यांचे मार्क कापू नका, तो त्यांचा दावाच नाही.

मग दोन केस घ्या आणि प्रत्येक थिअरी दोन्हींवर चालवून बघा: मोटारसायकली उचलणारा पोरगा, आणि हिशेबात घोळ करणारा चांगल्या पगाराचा मॅनेजर. दुसऱ्यावर शॉ-मॅके गप्प बसतात, मर्टनला ओढाताण करावी लागते, हर्शीची तर पंचाईतच कारण नोकरी, घर, इज्जत सगळे बंध शाबूत आहेत, आणि सदरलँड मात्र टिकतो, पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय 1939 मध्ये त्यानेच लावून धरला होता. मुलींचं काय हेही विचारा, जुन्या थिअऱ्या बहुतेक पोरांवरच बेतलेल्या आहेत.

शेवटी "सगळ्या थिअऱ्या एकत्र केल्या की पूर्ण चित्र मिळतं" हे वाक्य तेवढं लिहू नका. हर्शी गृहीत धरतो की गुन्ह्याची ओढ शिकवावी लागत नाही, सदरलँड म्हणतो शिकल्याशिवाय ती येतच नाही. हे दोघं जोडायचे असतील तर आधी कोणाचं गृहीतक सोडताय ते सांगा.