क्रूझवर पैसे कसे न्यावेत आणि कसे जातात

एकतीस वर्षं मी बँकेत कॅशच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे पहिल्या क्रूझला निघताना काही पैसे माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, काही पर्सच्या आतल्या कप्प्यात आणि काही चक्क ह्यांच्या मोज्यांत होते. जहाजावर पाऊल ठेवलं आणि कळलं की यातली एक नोटही इथे चालत नाही. बारमध्ये नाही, दुकानात नाही, स्पामध्ये नाही. आमचे हे खूश. "बघ, इथे पैसे लागतच नाहीत!" शेवटच्या दिवशी बिल हातात आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

तेव्हापासून मी क्रूझच्या पैशांचे दोन वेगळे हिशोब करते. एक जहाजाचा, दुसरा किनाऱ्याचा. जहाजावर नोट दिसत नाही, किनाऱ्यावर योग्य नोट मिळत नाही. दोन्हींची तयारी वेगळी.

आधी जहाज. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, काही जहाजांवर मनगटाला बांधायचा बँड. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. जे घ्याल त्यासाठी ते यंत्रावर टेकवायचं, रक्कम तुमच्या खात्यात लिहिली जाते. अमेरिकी कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर हिशोब डॉलरमध्ये असतो, भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच जहाजांवर युरोत, काही ब्रिटिश जहाजांवर पौंडात. हे खातं फेडायला आपलं एक कार्ड जोडून ठेवायचं असतं. घरूनच ऑनलाइन जोडता येतं किंवा पहिल्या दिवशी काउंटरवर.

क्रेडिट कार्डच जोडा. हे मी बँकवाली म्हणून सांगत नाही, नेपल्समध्ये एटीएमसमोर उभी राहिलेली बाई म्हणून सांगते. दुसऱ्या क्रूझला ह्यांनी हट्टाने डेबिट कार्ड जोडलं. "आपलेच पैसे आहेत, उधारी कशाला?" जहाजाची यंत्रणा खर्च वाढेल तशी कार्डावर रक्कम अडवून ठेवते. ती कापलेली नसते, फक्त तुम्हाला वापरता येत नाही. क्रेडिट कार्डावर त्यामुळे मर्यादा थोडी कमी होते, एवढंच. डेबिट कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात. चौथ्या दिवशी नेपल्सला ह्यांनी एटीएममध्ये कार्ड घातलं आणि मशीनने शिल्लक पुरेशी नसल्याचं सांगितलं. खात्यात पैसे होते, हात लावता येत नव्हता. वर आणखी एक गंमत: उतरल्यावर अंतिम बिल कापलं गेलं आणि आधी अडवलेली रक्कमही काही दिवस तशीच अडकून राहिली. म्हणजे एकाच खर्चासाठी दोनदा पैसे गुंतले. ती सुटायला नऊ दिवस लागले.

क्रेडिट कार्ड नसेल तर बऱ्याच जहाजांवर रोख रक्कम काउंटरवर जमा करून खातं उघडता येतं. ज्यांचा हात सैल आहे त्यांना मी हाच मार्ग सुचवते. जमा संपली की कार्ड चालायचं थांबतं आणि पुन्हा रांगेत उभं राहून पैसे भरावे लागतात. उरलेले शेवटी परत मिळतात.

कार्डं दोन न्या, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. एक जहाजाला जोडलेलं, दुसरं केबिनच्या तिजोरीत. दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवायची असतील तर दुसरं नेऊच नका. परदेशी चलनातल्या खर्चावर आपली बँक किती टक्के लावते ते आधी विचारा, आणि परदेशात वापर सुरू आहे ना तेही तपासा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिलही याच खात्यावर चढतं. प्रवास विमा असला तरी सहसा पैसे आधी आपण भरायचे, मग तपशीलवार पावत्या दाखवून मागायचे. म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा काठोकाठ वापरून जहाजावर चढू नका.

मुलांच्या कार्डांबद्दल पहिल्याच दिवशी काउंटरवर बोलून घ्या. त्यावर खर्चाची मर्यादा घालता येते किंवा खर्च पूर्ण बंद करता येतो. माझ्या नणंदेने हे केलं नाही. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने व्हिडिओ गेमच्या खोलीत तीन दुपारी कार्ड टेकवलं. त्याच्या मते ते फुकट होतं, कारण कुणी पैसे मागितलेच नव्हते. पोराला काय बोलणार? आमच्या ह्यांचंही पहिल्या दिवशी हेच मत होतं.

आता टिपबद्दल, कारण बजेट इथेच कोसळतं. अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर सेवेचा आकार म्हणून माणशी, दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर पडतात, मोठ्या खोल्यांसाठी जास्त. मुलांसाठीही बहुधा द्यावे लागतात. हिशोब मांडा: १८ डॉलर, चार माणसं, सात रात्री. ५०४ डॉलर. तिकिटाच्या जाहिरातीत हा आकडा ठळक अक्षरांत सहसा नसतो. आधीच भरायची सोय असते, मी आधीच भरते. सहल संपताना एवढी रक्कम समोर आली की नाइलाजाने आपण खोली साफ करणाऱ्या मुलावर वैतागतो, आणि त्याचा त्यात काही दोष नसतो.

शिवाय बारमधल्या पेयावर आणि स्पाच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. पावती नीट बघा. वर पेयाची किंमत, खाली सेवाशुल्क मिळवलेलं, त्याखाली बेरीज. आणि त्याच्याही खाली एक रिकामी रेघ: जादा टिप. त्या रेघेजवळ पेन ठेवूनच पावती पुढे येते. पहिल्या संध्याकाळी मी कर्तव्य म्हणून तिथे दोन डॉलर लिहिले आणि पुढे दोन संध्याकाळी लिहीत राहिले. चौथ्या दिवशी चष्मा घालून वाचलं तेव्हा कळलं की टिप आधीच कापलेली आहे. मनापासून द्यायचं असेल तर जरूर लिहा. नाहीतर आडवी रेघ मारा आणि सही करा.

पेयांचं पॅकेज घ्यायचं की नाही, यावर लोक तासभर वाद घालतात. पॅकेजची दिवसाची किंमत भागिले एका पेयाची किंमत, आलेला आकडा रोज प्याल का, एवढाच प्रश्न. किनाऱ्यावर घालवलेल्या दिवसाचेही पैसे त्यात असतात हे विसरू नका, आणि बऱ्याच कंपन्यांत खोलीतल्या एका मोठ्या माणसाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आम्ही दोघं मिळून दिवसाला दोन कॉफ्या घेतो. आमचा वाद तिथेच संपला.

कॅसिनोत जहाजाचं कार्ड वापरून खात्यावरून पैसे उचलले तर बऱ्याच कंपन्या त्यावर काही टक्के शुल्क लावतात. खेळायचंच असेल तर ठरवलेली रोकड घेऊन जा. जहाजावरचं एटीएम महागडं असतं, ते अडीअडचणीलाच. तिकिटासोबत जहाजावर खर्चायची रक्कम भेट मिळाली असेल तर ती परत मिळणारी आहे की संपवायची, ते पहिल्या दिवशी विचारा. शेवटच्या रात्री दुकानात गरज नसताना टोप्या घेणारी माणसं दिसतात, ती न विचारलेली.

रोज रात्री झोपण्याआधी मी टीव्हीवर किंवा ॲपवर खातं उघडते आणि छोट्या वहीत दोनच आकडे लिहिते: आजचा खर्च आणि आजवरची बेरीज. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या क्रूझला याच पाच मिनिटांत मला आमच्या नावावर दोन बिअर दिसल्या. आम्ही पीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर सांगितलं, त्यांनी सही तपासली आणि रक्कम उलटवली. हीच तक्रार शेवटच्या सकाळी केली असती तर पुढे पन्नास माणसं उभी होती.

एक खर्च या खात्यावर दिसतच नाही. भर समुद्रात मोबाइल जहाजाचं सागरी नेटवर्क पकडतो, त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतात आणि बिल मागाहून मोबाइल कंपनीकडून येतं. बंदर सुटताच फ्लाइट मोड लावा.

आता किनारा. इथे नोटा लागतात, पण लहान. जहाजावर चढण्याआधी बॅग घेणारा हमाल, सहलीचा गाइड, बसचा ड्रायव्हर, या सगळ्यांसाठी एक आणि पाचच्या डॉलरच्या नोटा, नाहीतर पाचच्या युरोच्या. शंभराची नोट बंदराजवळच्या टपरीवर कुणालाच नको असते. मी निघतानाच एक आणि पाचच्या नोटांची वेगळी गड्डी करते आणि रबर लावते. जुनी सवय.

कॅरिबियनमध्ये अमेरिकी डॉलर जवळजवळ सगळीकडे चालतो, पण 'डॉलर' या शब्दाला तिथे बरेच बाप आहेत. ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला जहाज लांब नांगरतं आणि छोट्या टेंडर बोटीतून उतरावं लागतं. तिथल्या एका दुकानात मी भाच्यासाठी टीशर्ट उचलला. चिठ्ठीवर डॉलरची खूण आणि २०. मी विसाची नोट पुढे केली. दुकानदारीण हसली, कॅल्क्युलेटर फिरवून माझ्याकडे केला: २५. चिठ्ठीवरचे डॉलर केमनचे होते. केमन डॉलरचा अधिकृत दर १.२० अमेरिकी डॉलर, आणि दुकानांत एक अमेरिकी डॉलर केमनच्या ८० सेंटला धरतात, म्हणजे विसाचे पंचवीस. तिने फसवलं नव्हतं, आत एका पाटीवर दर लिहिलेला होता. मी वाचला नव्हता, इतकंच.

म्हणून किंमत विचारताना पुढचा प्रश्न ठरलेला: कोणते डॉलर? बहामात स्थानिक डॉलर आणि अमेरिकी डॉलर एकास एक, तिथे डोकं चालवायला नको. बार्बाडोस आणि बेलीझमध्ये एका अमेरिकी डॉलरला दोन स्थानिक. सेंट लुशिया, अँटिग्वा अशा बेटांवर पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला २.७०. तिथे टॅक्सीवाल्याने "चाळीस" म्हटलं तर ते पंधरापेक्षाही कमी असू शकतात किंवा पूर्ण चाळीस. गाडीत बसण्याआधी विचारा. मेक्सिकोत पेसोची खूणही डॉलरसारखीच. आणि अमेरिकी नोट दिली तरी मोड बहुधा स्थानिक चलनात मिळते, जी पुढच्या बेटावर कागदच. नेमके पैसे देता आले तर तोच फायदा.

युरोपात सोपं आहे. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस सगळीकडे युरो, आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियातही. जुन्या सहलीतल्या कुना, म्हणजे तिथल्या आधीच्या नोटा, कुणी दिल्या तर आठवण म्हणून ठेवा. नॉर्वेत कार्डावर सगळं होतं, तिथलं चलन क्रोनर न घेताही दिवस निघतो. युरोपात इतरत्र मात्र थोडी सुट्टी नाणी जवळ असू द्या, काही सार्वजनिक स्वच्छतागृहांबाहेर ती लागतात. आणि ग्रीसला जाणार असाल तर जुलै २०२५ पासून तिथे उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर कर आहे. सँटोरिनी आणि मायकोनोसला भर उन्हाळ्यात माणशी २० युरो. बिलावर हा आकडा दिसला तर चूक समजून भांडायला जाऊ नका.

कार्ड वापरताना मशीन विचारतं: स्थानिक चलनात की तुमच्या चलनात? आपलं चलन ओळखीचं म्हणून बोट तिकडेच जातं. स्थानिक निवडा. दुसऱ्या पर्यायात दर मशीनवाला लावतो आणि त्याचा नफा त्यातच असतो. हीच चलाखी काही क्रूझ कंपन्या अंतिम बिलावरही करतात, तेव्हा काउंटरवर विचारून जहाजाच्याच चलनात कापायला सांगा. एटीएमही बँकेच्या भिंतीतलं शोधा, धक्क्यावर एकटं उभं असलेलं नको.

किती रोकड घेऊन उतरायचं? माझा हिशोब: दिवसभराचं खाणं, प्रवेशशुल्क, टिप आणि बंदरापर्यंत परतीची टॅक्सी. बाकी सगळं तिजोरीत. टॅक्सीची नोट मी वेगळी घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवते आणि तिला काही झालं तरी हात लावत नाही. जहाज वेळेवर सुटतं. आपण बाजारात अडकलो म्हणून ते थांबत नाही.

शेवटच्या दिवसाचं एक काम पहिल्याच दिवशी करायचं. तिजोरीत पैशांसोबत ह्यांचा एक बूट ठेवायचा, जो घालून उतरायचं आहे तो. पहिल्या क्रूझला घाईत आम्ही तिजोरी न उघडताच निघालो होतो. लिफ्टपाशी आठवलं, तेव्हा हे जे धावले, तसे मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते. आता एका पायात बूट घालून कुणी लिफ्टपर्यंत जात नाही.

शेवटच्या दुपारीच बिल छापून घ्या, रात्रीपर्यंत थांबू नका. काउंटरसमोरची रांग जेवणानंतर वाढत जाते. उतरल्यावरही एखादी रक्कम उशिरा येऊ शकते, मिनीबारची वगैरे, म्हणून ते छापील बिल कार्डाची पुढची दोन स्टेटमेंट येईपर्यंत जपून ठेवायचं. माझं वहीच्या मागच्या पानाला टाचणी लावून असतं.