खरा ख्रिस्ती विश्वास: या चुका टाळा

"माझा विश्वास कमी पडतोय," असे म्हणणाऱ्या माणसाची नजर बहुतेक वेळा ख्रिस्तावरून निघून स्वतःच्या विश्वासावर खिळलेली असते. तो वाढला का, घटला का, हेच तो रोज तोलत बसतो. पुढच्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात.

माहिती झाली म्हणजे विश्वास झाला, असे समजणे

धर्मसुधारणेच्या काळापासून प्रोटेस्टंट धर्मशास्त्र विश्वासाचे तीन भाग सांगत आले आहे: ज्ञान, मान्यता आणि भरवसा. येशू वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे ठाऊक असणे म्हणजे ज्ञान. ते खरे आहे हे पटणे म्हणजे मान्यता. "तो माझ्या पापांसाठी मेला, आता माझा निवाडा आणि माझे आयुष्य त्याच्या हाती," असे म्हणून स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे म्हणजे भरवसा.

अडकायला होते ते दुसऱ्या पायरीवर. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (2:19) म्हटले आहे. मार्क 1:24 मध्ये तर अशुद्ध आत्मा येशूला 'देवाचा पवित्र' म्हणून ओळखतो. शिष्य अजून चाचपडत असताना त्याची माहिती अचूक आहे, पण शरण जाणे त्यात नाही.

यावर उपाय म्हणून अभ्यास सोडायचा नाही. ज्याच्याविषयी ऐकलेच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार, हा सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा प्रश्न (रोम 10:14) कायम आहे. वाचलेला उतारा प्रार्थनेत आणावा, एवढेच. "येशू क्षमा करतो" हे वाक्य "प्रभू, या अमुक पापाची मला क्षमा कर" असे झाले की माहिती भरवशाकडे वळते.

पौल आणि याकोब यांची झुंज लावणे

पौल म्हणतो, मनुष्य कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. मग कुणी एकाला धरून कसेही वागायची मोकळीक घेतो, तर कुणी दुसऱ्याला धरून पुण्याचा हिशेब मांडतो.

दोघेही उदाहरण अब्राहामाचेच देतात, म्हणून उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातला क्रम पाहावा. 15:6 मध्ये अब्राहाम देवावर विश्वास ठेवतो आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणले जाते. त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो तेव्हा तो 86 वर्षांचा आहे (16:16). सुंता होते तेव्हा 99 वर्षांचा (17:24). म्हणजे नीतिमान गणले जाणे आणि सुंता यांत किमान 13 वर्षांचे अंतर आहे. रोम 4:10 मध्ये पौल नेमके हेच दाखवतो. याकोब मात्र अध्याय 22 वर बोट ठेवतो, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो. तिथे इसहाक लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झाला आहे. देवाने स्वीकारल्याला कित्येक वर्षे उलटल्यावर तो विश्वास कृतीत उतरला. देव माणसाला कशाच्या आधारे स्वीकारतो, याचे उत्तर पौल देतो. समोरचा विश्वास जिवंत आहे की तोंडदेखला, हे याकोब तपासतो.

इफिस 2:8-9 वाचून थांबायची सवय असेल, तर दहावी ओवीही जोडून वाचा. तारण कर्मांनी नाही, पण सत्कर्मांसाठी आहे, हे तिन्ही ओव्या मिळून सांगतात. या प्रश्नावर शतकानुशतके दुरावलेल्या रोमन कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. नीतिमान ठरणे हे आपल्या लायकीमुळे नसून केवळ कृपेने आहे आणि तीच कृपा सत्कर्मांसाठी बळ देते, हे त्यांनी एकत्र मान्य केले. सगळे मतभेद त्यामुळे मिटले, असे मात्र नाही.

याकोबाने दिलेली कसोटी अगदी घरगुती आहे (2:15-16): अंगावर वस्त्र नाही, पोटाला अन्न नाही, अशा भावाबहिणीला नुसते "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावले का? स्वतःला तपासायचे तर सत्कृत्यांची यादी करू नका. प्रभूची इच्छा स्पष्ट कळूनही आपण पुढे ढकलत आहोत अशी एकच गोष्ट शोधा. बुडवलेले पैसे असतील, तोडलेले बोलणे असेल, चालू ठेवलेले खोटे असेल. ती या आठवड्यात करा.

विश्वासाला शक्ती समजणे

सगळ्यांत जास्त जखमा ही चूक करते. "पुरेसा विश्वास असता तर तो बरा झाला असता," हे वाक्य आजाऱ्याच्या घरी कधीही बोलू नये. ते क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारे एक दुखणे, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली (2 करिंथ 12:8-9). आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत येथे आजारीच सोडून आला (2 तीमथ्य 4:20). इब्री 11 च्या 35 व्या ओवीच्या मध्यावर प्रसंग एकदम पालटतो. तोवर सिंहांची तोंडे बंद होतात, मेलेले परत मिळतात. त्यानंतर फटके, बेड्या, करवतीने चिरले जाणे. 39 वी ओवी या सगळ्यांनाच विश्वासामुळे नावाजते.

'मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास' या वचनाचाही असाच उलटा वापर होतो. शिष्यांना अल्पविश्वासी म्हटल्यावर येशू डोंगराएवढा विश्वास मागत नाही, दाण्याएवढाच पुरे म्हणतो (मत्तय 17:20). विश्वास ज्याच्यावर आहे त्याचे सामर्थ्य काम करते.

औषध बंद करणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे. हिज्कीया राजाला बरे करण्याचे आणि 15 वर्षांचे आयुष्य वाढवून देण्याचे वचन देवाने दिले, त्यानंतरही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (2 राजे 20:5-7). मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, हा युक्तिवाद मत्तय 4 मध्ये सैतानाचा आहे. उपचार चालू ठेवा, आरोग्य नाव घेऊन स्पष्ट मागा, आणि येशूने मरणाआधी गेथशेमाने बागेत केले तसे पुढचे पित्यावर सोडा. राजाच्या मूर्तीला नमन न केल्याने अग्निभट्टीसमोर उभ्या केलेल्या तिघांनी दोन्ही गोष्टी एका दमात म्हटल्या: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल 3:17-18).

शंका आली म्हणून घाबरणे

"माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," असे म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवले नाही, त्याच्या मुलाला बरे केले (मार्क 9:24). पण सगळ्या शंकांना एकच औषध चालत नाही, म्हणून आधी शंका कुठून आली ते ओळखा.

प्रश्न बुद्धीचा असेल तर तो एका वाक्यात लिहून काढा आणि जाणत्या माणसाबरोबर बसून सोडवा. पुनरुत्थानाबद्दल असेल तर 1 करिंथ 15:3-8 पासून सुरुवात करा. 500 हून अधिक जणांना येशू एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल तिथे लिहितो.

मूळ दुखण्यात असेल तर युक्तिवाद पुरत नाहीत. स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहा ओव्यांत आधी "कोठवर?" असा चार वेळा आक्रोश आहे, मग मागणी, शेवटी भरवसा. पहिला भाग गाळून तिसऱ्यावर उडी मारू नका. कधी कधी शंकेच्या आड आज्ञा न पाळण्याची इच्छा दडलेली असते. तिथे योहान 7:17 लागू पडते: देवाच्या इच्छेप्रमाणे करण्याची तयारी असेल त्याला शिकवण कुणाची ते कळेल.

आणि कधी माणूस नुसता थकलेला असतो. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. तो जेवला, झोपला, पुन्हा जेवला, आणि मग होरेबला निघाला (1 राजे 19). झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

मनाची ऊब मोजणे

प्रार्थनेत काही जाणवत नाही म्हणून विश्वास गेला, असे धरू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपते, तरी ते सुरू होते देवाला 'माझ्या तारणाऱ्या' म्हणून. कोरड्या दिवसांत प्रार्थना लहान करा, सोडू नका.

एका दिवसावर विसंबणे, किंवा दर महिन्याला नव्याने निर्णय घेणे

काही जण वर्षांपूर्वी म्हटलेल्या एका प्रार्थनेवर निश्चिंत असतात. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातल्या खडकाळ जमिनीवरच्या बीनेही वचन आनंदानेच स्वीकारले होते (लूक 8:13). उलट हळव्या मनाचे लोक प्रत्येक चुकीनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. या दोघांनीही योहानाचे पहिले पत्र हाती घ्यावे; पाचच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. योहान तीन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतो: देहाने आलेला येशू ख्रिस्त तुम्ही मानता का, त्याच्या आज्ञा पाळता का, भावंडांवर प्रीती करता का. पाप उरलेच नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो असे तो म्हणतो आणि पाप कबूल करणाऱ्याला क्षमेचे वचन देतो (1:8-9), म्हणून उत्तरे अर्धवट आली तरी घाबरू नका. ही तपासणी तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या, मंडळीतल्या एका प्रौढ विश्वासणाऱ्यासोबत करा. आळशी मन स्वतःला फार लवकर माफ करते, हळवे मन कधीच करत नाही, आणि बाहेरच्या माणसाला हा फरक चटकन दिसतो.