खाजगी करिअर कॉलेज की सरकारी आयटीआय, ॲडमिशनआधी हे बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही बसस्टँडवर उतरा, शंभर टक्के नोकरीचे बॅनर दिसतीलच. दोन खोल्या, एक शटर आणि वर पाटी 'कॉलेज'. सगळेच फसवे असतात असं नाही बरं का भो. माझ्या आत्याचा पोरगा अशाच एका छोट्या ठिकाणी वायरिंग शिकला, बॅचला दहा-बाराच पोरं, सर शेजारी उभं राहून शिकवायचे, आणि खरं सांगतो त्याचं काम आयटीआयवाल्यांपेक्षा साफ आहे. पण महावितरणच्या विद्युत सहाय्यकचा फॉर्म भरायला बसला तेव्हा कळलं की हे सर्टिफिकेट तिथं चालतच नाही, मान्यताप्राप्त आयटीआयचं पाहिजे. दोन वर्षं गेली ना मग.

म्हणून फी विचारायच्या आधी विचारा, शेवटी हातात येणारा कागद कोणाचा? आयटीआय ट्रेडला (म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन असा कोर्स) एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी, म्हणजे केंद्राची किंवा राज्याची व्यवसाय प्रशिक्षण परिषद, इंजिनिअरिंग डिप्लोमाला एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) मान्यता आणि परीक्षा एमएसबीटीईची (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ), डिग्री असेल तर आपल्या तिन्ही जिल्ह्यांना बहुतेक करून बहिणाबाई चौधरी विद्यापीठ. आयएसओचा शिक्का दाखवला तर हो म्हणा आणि सोडून द्या, त्याचा कोर्सच्या मान्यतेशी संबंध नाही. आणि एक गोम असते, मान्यता ट्रेडप्रमाणे असते, म्हणजे इलेक्ट्रिशियन मान्य असतं आणि तुम्हाला बसवतात भलत्याच कोर्सला. संस्थेचा कोड घ्या, घरी येऊन मान्यता देणाऱ्यांच्या साईटवर स्वतः बघा, काउंटरवरच्या मॅडमच्या मोबाईलवर नको.

पुढचा रस्ताही बघा. दहावीनंतर दोन वर्षांचा मान्य आयटीआय ट्रेड केला तर डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ठरावीक ट्रेडचं सर्टिफिकेट रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या फॉर्मला चालतं, भुसावळकडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

आता सरकारी म्हणजे सगळं छान असंही नाही, फी कमी पण कुठं मशीन बंद, कुठं शिकवायला निदेशकच नाही. दोन्हीकडे चालू दिवशी अकराच्या सुमाराला न सांगता जा. वर्कशॉपमध्ये पोरांचे हात काळे दिसले तर बरं, लेथ मशीनवर धूळ असेल तर समजून जा. मागच्या बॅचच्या तिघांचे नंबर मागा, पहिला पगार किती मिळाला ते त्यांनाच विचारा, प्लेसमेंटच्या फोटोला नाही.

मोबाईल रिपेअरिंग, शिवणकाम, पार्लर असलं शिकून गावात स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर मात्र खुशाल छोटं खाजगी घ्या, तिथं कागद कोणी बघत नाही.

फी एकरकमी भरू नका, परीक्षा फी अन ड्रेस धरून पूर्ण आकडा लिहून घ्या, पावती छापील मागा. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स पुढं करा, ऐकत नसतील तर तिथूनच गाडी वळवा.