जर्नलचं पान फाडायच्या आधी हे कर

बीएस्सी सेकंड इयरला मी झूलॉजीच्या जर्नलचं एकच पान चारदा फाडलं होतं, बेडकाच्या आकृतीत एक रेघ जाड आली म्हणून. रात्रीचे दोन वाजलेले, घरून आलेली कडक भाकरी न शेंगा चटणी डब्यात तशीच, आणि मी रडत खोडरबर घासत बसलेली. शेवटी जर्नल दिलंच नाही, मार्क गेले.

सोलापुरात होस्टेलवर राहणाऱ्या लै मुलींचं हेच चाललेलं बघते म्हणून लिहितेय. चांगलं काम करावंसं वाटणं वेगळं आणि चुकलं तर आपली काही किंमतच नाही असं वाटणं वेगळं. करन आणि हिल या दोन संशोधकांनी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कॉलेजमधल्या पोरापोरींचा १९८९ ते २०१६ चा डेटा तपासला, तर 'लोकांना मी परफेक्टच हवीये' ही भावना सगळ्यात जास्त वाढलेली दिसली. आपल्याकडे तर तालुक्याहून शिकायला पाठवलंय, आता कुणी नावं ठेवायला नको, हे ओझं वरून असतंच.

तर पेन्सिल उचलायच्या आधीच ठरव की हे पान चाळीस मिनिटांचं. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, पान फाडायचं नाही. पहिल्यांदा हात शिवशिवतील, तरी नाही.

दुसरं, आणि मला खरा फरक यानेच पडला. काही चुकलं किंवा पेपर अवघड गेला की वहीच्या मागच्या पानावर तू स्वतःला मनात जे बोललीस ते जसंच्या तसं लिही, 'मूर्ख आहेस, तुझ्याने काही होत नाही' वगैरे सगळं. मग हेच रूममेटचं झालं असतं तर तिला काय म्हणाली असतीस ते खाली लिही. 'अगं पेपर अवघडच होता, सगळ्यांचंच तसं झालंय, चल आधी खाऊन घे.' ते वाक्य आता स्वतःला मोठ्याने म्हण. याने आळशी होशील अशी भीती वाटेल, मलाही वाटायची, पण पुढच्या सेमला माझं जर्नल वेळेत गेलं.

दोन आठवडे झोप, जेवण बिघडलंय, कशातच मन नाही, तर हे उपाय पुरणार नाहीत. १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रीपण चालू, मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नसेल तर दोन आठवडे थांबू नको, आत्ताच लाव. डॉक्टरकडे एकटीला जायला अवघड वाटत असेल तर रूममेटला घेऊन जा, ती बाहेर बाकड्यावर बसली तरी पुरे.