कललेला कंदील पुन्हा ताठ

दिवाळी झाली की आम्ही कंदिलाचा कागद फाडून टाकतो आणि सांगाडा माळ्यावर ठेवतो. यंदा त्यावर कुणीतरी गाद्या रचल्या होत्या. कामट्या शाबूत, पण आकार पार कललेला. बाजारातला प्लॅस्टिकचा कंदील आणायचं जिवावर आलं.

पारंपरिक कंदील म्हणजे कोपऱ्यांत एकमेकांना बांधलेले 6 चौकोन; मधले 8 त्रिकोण आपोआप होतात. त्रिकोण हलत नाही, चौकोनाचं मात्र लगेच शंकरपाळं होतं. म्हणून ढिल्या गाठी सोडून नव्याने आवळल्या आणि चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाड दोऱ्याची फुली ताणली. दोन्ही कर्ण सुतळीने मोजून सारखे आले की चौकोन सरळ झालाच. वरचा तेवढा मोकळा ठेवला, बल्ब तिथून सोडायचा असतो. उजेडात दोऱ्याची बारीक सावली दिसते. मला तरी खटकत नाही.

खळ मैद्याची, घट्ट शिजवलेली. त्यात चिमूटभर मोरचूद घातला की कीड लागत नाही, पण तो विषारी, तेव्हा मुलांचे हात लांबच. पतंगाचा कागद फक्त कडांना चिकटवायचा. वाळल्यावर सुरकुत्या राहिल्याच, तर पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. सुकताना कागद छान ताणला जातो. लाल, राणी असे गडद रंग सुटतात, आधी तुकड्यावर बघा. आत बल्ब एलईडीचाच, कागद तापत नाही.

शेपट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पातळ सोनेरी कागदाच्या केल्या.