टायर गोटा व्हायच्या आधी

वाई ते शिरवळ, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आठवड्याचे सहा दिवस. गाडी पल्सर 150. मी टूलरूमला आहे, दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतो, पण तो स्वतःच्या टायरला लावायचं कधी सुचलं नव्हतं. एका जूनमध्ये पहिल्याच पावसात सुरूर फाट्यावर वळताना मागचं चाक सरकलं. पाय टेकवून कसाबसा सावरलो. घरी येऊन पाहिलं तर टायरचा मधला पट्टा पार गोटा, नक्षी घासून सपाट झालेला. रोज बघत होतो की! पण रोज बघणाऱ्यालाच झीज दिसत नाही. तेव्हापासून मोजतो आणि लिहून ठेवतो.

व्हर्निअर उघडला की त्याच्या शेपटाकडून एक बारीक पट्टी बाहेर येते. ती खोली मोजायलाच असते. गाडी मेन स्टँडला लावा, खाचेतले खडे जुन्या स्क्रू ड्रायव्हरने काढा आणि पट्टी खाचेत सरळ उभी धरा. पहिलं माप वॉल्व्हपाशी, मग चाक तिसरा हिस्सा फिरवून दुसरं, तसंच तिसरं. सगळी मधल्या पट्ट्यावर. तिन्हींतलं सगळ्यात कमी तेवढं लिहायचं. सरासरी काढून मनाची समजूत घालू नका. खाचेत मध्येच रबराचा छोटा उंचवटा लागतो, त्यावर पट्टी टेकवायची नाही. तो झिजेची खूण आहे. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत तो सापडतो. नक्षी घासून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नियमाने दुचाकीला किमान 0.8 मिमी खोली लागते. मी 1.5 लाच बदलतो, कारण परतताना खंबाटकी घाट आहे आणि पावसात पाणी बाहेर काढायला खाच उरायला हवी.

नोंद कालनिर्णयच्या चौकटीत: तारीख, किलोमीटर, पुढचं माप, मागचं माप. माझा मागचा टायर 31,200 ला बसवला तेव्हा 6.4 मिमी होता. 36,200 ला 5.3, 41,200 ला 4.1. म्हणजे पाच हजाराला सव्वा मिलिमीटरच्या आत. ही शेवटची नोंद ऑक्टोबरातली. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले तर मार्चअखेरीपर्यंत 1.5 येईल, म्हणजे पैशांची सोय आत्तापासून करता येते. पुढचा टायर सावकाश झिजतो; दोन्ही एकदम बदलायची गरज नसते.

मापापेक्षा झीज कुठे झाली ते जास्त बोलतं. मधेच चपटा झाला असेल तर बहुतेक सरळ हायवेची किंवा जास्त हवेची करामत. दोन्ही कडा आधी गेल्या तर हवा कमी. एकच बाजू खाल्ली असेल तर चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या का ते बघा. माझ्याकडून एकदा हेच झालं होतं.

हवा रविवारी सकाळी, चाक गार असताना. माझ्या गाडीला पुढे 25 पीएसआय, मागे एकट्याला 28 आणि मागे कोणी बसणार असेल तर 32. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमध्ये किंवा स्टिकरवर मिळतील. पंपावरच्या पोराला "टाक तीस-तीस" म्हणू नका. पंधरा किलोमीटर पळवून मोजलं तर आकडा वाढीव दिसतो, म्हणून लगेच हवा सोडायची नाही. दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय कमी होत असतील तर वॉल्व्हवर थुंकी लावा. बुडबुडा आला तर वॉल्व्हची सुई बदलायची, चार पैशांचं काम.

नवा टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. दुकानात पडून म्हातारा झालेला माल असतो, नक्षी कोरी असली तरी. बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना ते उभं राहून बघा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नवा टायर निसरडा असतो, त्यात घाटात गाडी आडवी घालायची नाही.

माझं पुढचं माप 46,200 ला. चौकटीत आत्ताच पेन्सिलीने गोल करून ठेवलाय.